प्रेगिसा

लोटलीला, दोना उंबेलिनांच्या जेवणघरात,
काचेच्या ताटांच्या कपाटावर
ते चित्र टांगलेलं होतं चार पिढ्या.
मागच्या फळीवर कुणा पाद्री-काकाच्या अक्षरात
एकच शब्द : प्रेगिसा.
म्हणजे आळस.

खुर्चीत झोपलेली मोलकरीण. मान कलती,
एक हात मांडीवर उताणा.
टेबलावर आडवा पडलेला पेला, विझलेली मेणबत्ती,
कमरेच्या किल्ल्या सुटून फरशीवर,
आणि मांजर :
मागचे पाय स्टुलावर,
पुढचा एक माशावर.

जाणकार सांगतात, अशा चित्रांत
घरातल्या वस्तू साक्षीला उभ्या असतात.
पेला म्हणजे गेलेला तोल.
मेणबत्ती म्हणजे आत्म्याची हेळसांड.
किल्ल्या म्हणजे सोपवलेला विश्वास, आता पायदळी.
मांजराचं तर बोलायलाच नको.
आणि उजेड पिवळा, भर दुपारचा.
दुपारी झोपते, याहून पुरावा काय हवा?
(हा कायदा लावला
तर लोटलीत आरोपी मावणार नाहीत.)

मी खिडकीपाशी बसलो कापूस, काड्या, बाटल्या घेऊन.
रोज तळहाताएवढा तुकडा.
बोळे निघत होते कोऱ्या चहाच्या रंगाचे,
दोनशे वर्षांचं वार्निश, धूप, तळणाचा धूर.
दहाव्या दिवशी डाव्या कोपऱ्यात
दुपार माझ्या हाताखाली विरघळली.
खिडकीत करडं-निळं काहीतरी उरलं.
मला वाटलं, रंगच उडाला.
घाबरून बाटलीचं बूच लावलं.

पियादादबाय कॉफी ठेवायला आली,
पदराला हात पुसत जवळून बघितलं तिनं,
म्हणाली, "ही फांतोड, बाबा."
पहाट.

मग मेणबत्ती पुन्हा पाहिली.
विझलेली नव्हे, संपलेली. बशीभर मेण.
एक पायताण काढून बाजूला,
टाच सुजलेली, चित्रकारानं ती
मन लावून सुजवलेली.
काळोख्या कोपऱ्यात मी पाळणा शोधला.
आजारी पोर असतं तर बरं झालं असतं,
सगळंच जुळून आलं असतं.
दोन दिवस शोधला.
तिथे एक झाडू निघाला.

"मग रात्रभर जागी कशाला?" मी विचारलं.
"काम आसतलें," पियादादबाय म्हणाली,
आणि कप उचलून गेली.

सुलक्षा बांबोळीहून रात्रपाळी करून आली होती तेव्हा.
ओट्याजवळ स्टुलावर, भिंतीला डोकं लावून,
अंगावर अजून पांढरा गणवेश.
दूध उतू जाऊन शेगडी विझलेली,
स्वयंपाकघरभर गॅसचा वास.
मी गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या.
इथपर्यंत सगळं बरोबर.
नंतर मी पाच शब्द बोललो.
ती उठली. ओटा पुसला. फडका पिळून वाळत घातला.
त्याला आता अकरा वर्षं झाली,
आणि त्या पाच शब्दांवर
कुठलंच द्रावण चालत नाही.

मागची फळी मी तशीच ठेवली.
पाद्री-काकाचं अक्षर पुसणं
माझ्या कामात बसत नाही.
अहवालात 'विषय' या रकान्यात लिहिलं :
पहाट. बसलेली बाई.
दोना उंबेलिनांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"झोपलेली," त्या म्हणाल्या.
"हो," मी म्हणालो, "झोपलेली."
त्यांनी पैसे मोजून दिले, पन्नास जास्त.

पायरीपर्यंत पियादादबाय आली पोचवायला.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,
"त्या नुस्त्याचेर एक धांपणें रंगय, बाबा.
ल्हानशें.
ती उठसर."